मोजावें, विचारावें, कीं राहून पाहावें?

दुपारचीं जेवणें उरकून घर जरा विसावलेलें असतें, आणि इतक्यांत दाराची कडी वाजते. दारांत एक गृहस्थ उभे असतात. खांद्याला पिशवी, हातीं छापील कागदांचा गठ्ठा. शिरगणतीचें काम त्यांच्याकडे आलेलें असतें. ते विचारतात, 'घरांत माणसें किती? मिळवतीं किती? खोल्या किती?' प्रश्न साधे दिसतात. पण उत्तर देणारी गृहिणी क्षणभर घोटाळते. शिकण्याकरितां येऊन राहिलेला भाचा घरच्या माणसांत धरावयाचा कीं नाहीं? दिवाणखान्यांत पडदा लावून आडोसा केला आहे, ती एक खोली कीं दोन? आणि शेजारणींचे कपडे शिवून महिन्याकांठीं चार पैसे जोडणारी जाऊ 'मिळवती' कीं नव्हे? गृहस्थांना पुढच्या घरीं जावयाचें असतें. 'घरकाम लिहितों,' असें म्हणून ते पुढचा रकाना भरतात. जावेचें शिवणकाम त्या एका शब्दासरशीं राष्ट्राच्या हिशेबांतून नाहींसें होतें.

येथें कोणी खोटें बोललें नाहीं, कोणी आळसही केला नाहीं. तरी एक सत्य निसटलें. समाजाविषयीं ज्ञान मिळवूं पाहणाऱ्याला हा अनुभव पदोपदीं येतो. म्हणून समाजशास्त्राच्या अभ्यासकानें संशोधनाची पद्धति कशी निवडावी, आणि निवडतांना कोणकोणत्या गोष्टी ध्यानांत घ्याव्या, हा विषय मीं आज घेतला आहे. नियमांची यादी वाचून दाखविण्याचा माझा विचार नाहीं. ज्यांना ही निवड प्रत्यक्ष करावी लागली अशा कांहीं अभ्यासकांचा इतिहास मी सांगणार आहें. त्यांतून निघेल तें तात्पर्य आपण मिळून काढूं.

बारकावे सोडले तर मार्ग तीनच आहेत. माणसें मोजावीं, त्यांना विचारावें, किंवा त्यांच्यांत राहून पाहावें. जुन्या दप्तरांचा एक चौथा मार्ग आहे खरा. परंतु दप्तर तरी काय, पूर्वीं कोणीतरी मोजून, विचारून वा पाहूनच लिहून ठेविलेलें असतें. तेव्हां या तिहींपासूनच आरंभ करूं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडन हें जगांतील अत्यंत श्रीमंत शहर होतें, आणि तेथील दारिद्र्यही तितकेंच प्रसिद्ध होतें. १८४९ सालापासून हेन्री मेह्यू या पत्रकारानें 'मॉर्निंग क्रॉनिकल' या वृत्तपत्रांत तेथील कष्टकऱ्यांविषयीं लेखमाला लिहिली. तो हातगाडीवाल्यांशीं, शिवणकाम करणाऱ्या बायकांशीं, रस्त्यावर चिंध्या-हाडकें वेंचणाऱ्यांशीं बोलला, आणि त्यांचें बोलणें शक्य तों त्यांच्याच शब्दांत त्यानें छापलें. तें वाचून वाचकांचीं मनें हेलावलीं. पण कोणी विचारलें असतें कीं, 'अशीं माणसें लंडनमध्यें एकंदर किती?' तर त्याचें नेमकें उत्तर त्या संभाषणांतून निघण्यासारखें नव्हतें. एका माणसाचें दुःख कितीही हृदयद्रावक असलें, तरी त्यावरून सबंध शहराचा हिशेब मांडतां येत नाहीं.

हा 'किती'चा प्रश्न चार्ल्स बूथ यानें हातीं घेतला. बूथ हा जहाजांच्या व्यापारांतला माणूस. जमाखर्चाची त्याला उपजत आवड. १८८६ सालीं त्यानें स्वतःच्या खर्चानें लंडनची पाहणी सुरू केली. लक्षावधि कुटुंबांची माहिती मिळवावयाची कशी? त्यानें एक युक्ति काढली. शाळेंत जाण्याजोगीं मुलें कोणत्या घरांत आहेत, हें पाहण्याकरितां शाळामंडळाचे अधिकारी घरोघर फिरत असत. कोणत्या घरीं चूल पेटते आणि कोणत्या घरीं पेटत नाहीं, हें त्यांना वर्षानुवर्षांच्या परिचयानें ठाऊक होतें. बूथनें त्यांना तासन् तास बसवून प्रत्येक रस्त्याची माहिती लिहून घेतली, आणि लंडनच्या नकाशावर एकेक रस्ता त्याच्या स्थितीप्रमाणें रंगविला. श्रीमंतांचा पिवळा, अगदीं हीनदीन वस्तीचा काळा. लंडनमध्यें शेंकडा ३०.७ लोक दारिद्र्यांत आहेत, असा त्याचा निष्कर्ष निघाला. १९०३ पर्यंत या ग्रंथाचे सतरा भाग प्रसिद्ध झाले. वृद्धांना सरकारनें निर्वाहवेतन द्यावें, या मताचा बूथनें पुढें हिरीरीनें पुरस्कार केला, आणि १९०८ सालीं ब्रिटनमध्यें तसा कायदा झाला. मोजण्याचें सामर्थ्य हें असें आहे. दहा माणसांची कथा ऐकून लोक हळहळतात. दर दहांतील तिघांचा आंकडा ऐकून विधिमंडळाला उत्तर द्यावें लागतें.

परंतु बूथच्या पद्धतींत एक उणीव होती. गरीब कोण, हें त्यानें कुटुंबांना न विचारतां तिऱ्हाइतांच्या नजरेवरून ठरविलें होतें. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न सीबोहम राउन्ट्री यानें यॉर्क शहरांत १८९९ सालीं केला. त्याच्या माणसांनीं कामगारवर्गाच्या घराघरांत जाऊन ४६,७५४ लोकांची माहिती गोळा केली. त्याही पुढें जाऊन, 'दारिद्र्य' या शब्दाची व्याख्या त्यानें आधींच बांधून घेतली. शरीर केवळ धडधाकट राहण्यास किती अन्न लागतें, भाडें, कपडे व सरपण यांस किती खर्च येतो, याचा त्यानें हिशेब केला. नवराबायको आणि तीन मुलें अशा कुटुंबास आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स इतकी किमान रक्कम त्यानें ठरविली. या रकमेंत वर्तमानपत्र नाहीं, आप्तांना पत्र लिहिण्याकरितां टपालाचें तिकीट नाहीं, तंबाखूची चिमूट नाहीं, मुलाला खेळणें नाहीं.

इतका कठोरपणा कशासाठीं? त्या काळीं पुष्कळ शिष्ट मंडळी म्हणत असत कीं, गरीब हे उधळेपणामुळें गरीब असतात. राउन्ट्रीनें रेषा इतक्या खालीं ओढली कीं तिच्याखालीं सांपडलेल्या माणसावर उधळेपणाचा आरोप करणें कोणासच शक्य होऊं नये. तरीही शहराच्या एकंदर लोकसंख्येंत शेंकडा ९.९१ लोक त्या रेषेच्या खालीं निघाले. मिळकत रेषेच्या वर असूनही दैन्यांत राहणारे धरले म्हणजे हा आंकडा शेंकडा २७.८४ वर गेला. मात्र येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पहिला आंकडा मिळकतीच्या हिशेबानें आला होता. दुसरा मात्र, घरांत शिरल्यावर तपासनिसाच्या डोळ्यांना जें दैन्य दिसलें त्यावर आधारलेला होता. दोहोंतही दशांश चिन्हापुढें दोन दोन अंक आहेत, पण दोहोंची भरंवशाची प्रत एक नव्हे. आंकडा जितका बारीक, तितका तो खरा, अशी आपली जी समजूत असते ती येथें तपासून घ्यावी लागते.

यॉर्कच्या या पाहणीचा धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोंचतो. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. राउन्ट्रीची पद्धति खेड्याला लावून पाहावी, म्हणून त्यांनीं इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यांतल्या रिजमाउंट या गांवाची पाहणी केली होती. १९०७ सालीं ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. शेतकऱ्याला बीं-बियाणें व खतें यांविषयीं उपदेश करावयाचा, तर आधीं त्याच्या घरची स्थिति कळली पाहिजे, असें त्यांना वाटूं लागलें, आणि त्यांनीं पुण्याजवळचें एक लहानसें गांव निवडलें. त्याचें नांव पिंपळे सौदागर. आज तें नांव घेतलें कीं उंच इमारती आणि मोटारींची वर्दळ आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. त्या काळीं तें एक शेतकऱ्यांचें खेडें होतें. १९१७ सालीं त्यांचा 'दख्खनच्या खेड्यांतील जमीन व श्रम' या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या अभ्यासाला पार्श्वभूमि होती ती एका जुन्या वादाची. १८७५ सालीं सुपें येथें सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा उसळला, तेव्हांपासून 'दख्खनचा कुणबी कर्जांत कां बुडतो' या प्रश्नाचीं दोन ठराविक उत्तरें दिलीं जात. कोणी म्हणे, सावकार लुबाडतो. कोणी म्हणे, कुणबी लग्नकार्यांत उधळतो. दोन्ही पक्षांकडे गोष्टींचा तोटा नव्हता. मॅन यांनीं गोष्टी बाजूला ठेवून जमीन मोजली आणि घरोघरचा जमाखर्च मांडला. जुन्या कागदांवरून त्यांनीं दाखविलें कीं, १७७१ सालीं त्या गांवांत सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होतें. १८१८ सालीं तें साडेसतरा एकर झालें. आणि १९१५ च्या सुमारास केवळ ७ एकर उरलें. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती, आणि त्यांपैकीं ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. १०३ कुटुंबांचा हिशेब त्यांनीं केला, तेव्हां केवळ शेतीवर नीट निर्वाह करणारीं कुटुंबें ८ निघालीं. बाहेरची मजुरी धरून निभावणारीं २८. आणि दोन्ही धरूनही ज्यांचें गांवच्याच राहणीच्या मानानें भागत नव्हतें अशीं ६७.

श्रोतेहो, या ६७ कुटुंबांचा आंकडा केवढा बोलका आहे! तो सांगतो कीं, सावकार कितीही सज्जन असला आणि कुणबी कितीही काटकसरी असला, तरी जमिनीचा तो तुकडा त्या घराला पुरणारा नव्हता. वादाला तिसरें उत्तर मिळालें, आणि तें मोजल्यावांचून मिळालें नसतें. मॅन यांचा प्रामाणिकपणा असा कीं, हें उत्तर हातीं आल्यावर त्यांनींच त्यावर शंका घेतली. पिंपळे सौदागर पुण्याला आणि खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याला फार जवळ. तेथील माणसाला बाहेर मजुरी मिळते. मग हें गांव दख्खनच्या खेड्यांचें प्रतिनिधि कसें मानावें? म्हणून त्यांनीं श्री. कानिटकर यांच्या साहाय्यानें शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक या कोरडवाहू मुलखांतल्या गांवाची निराळी पाहणी केली, आणि तिचा ग्रंथ १९२१ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या पद्धतीचा कमकुवत दुवा आपणच शोधावा आणि दुसऱ्यांनीं बोट ठेवण्यापूर्वीं तो दुरुस्त करावा, हा संशोधकाचा पहिला धर्म होय.

आतां दुसऱ्या मार्गाकडे, म्हणजे विचारण्याकडे, वळूं. जमीन मोजतां येते, मिळकत मोजतां येते. पण माणसाचें मत कसें मोजावें? तें त्यालाच विचारावें, असें आपण सहज म्हणतों. अमेरिकेंत रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाला या 'सहज'विषयीं शंका आली. १९३० पासून दोन वर्षें तो एका तरुण चिनी दांपत्याबरोबर मोटारीनें देशभर हिंडला. त्या काळीं तेथें चिनी लोकांविषयीं तिटकारा फार. तरीही अडीचशें उपाहारगृहें व वसतिगृहें यांपैकीं एकाच ठिकाणीं त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनंतर त्यानें त्याच जागांच्या चालकांना पत्रें पाठवून विचारलें, 'आपण चिनी माणसाला आपल्याकडे प्रवेश द्याल काय?' १२८ जणांनीं उत्तरें दिलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक जणांनीं लिहिलें, 'नाहीं.' १९३४ सालीं त्यानें हा अनुभव प्रसिद्ध केला. दारांत उभ्या असलेल्या सुस्वभावी पाहुण्याशीं माणूस एक वागतो, आणि टेबलावरच्या कागदाला दुसरेंच उत्तर देतो. यांत खरें कोणतें? दोन्ही खरीं, पण तीं निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. लोक काय बोलतात हें जाणावयाचें असेल, तर प्रश्नावलि पुरेशी आहे. काय करतात हें जाणावयाचें असेल, तर ती पुरेशी नाहीं.

विचारण्यांत दुसरी अडचण अशी कीं, विचारावयाचें कोणाला? १९३६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वीं 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें पाठविल्या. त्यांपैकीं तेवीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. एवढा प्रचंड कौल पाहून त्यानें भाकीत केलें कीं रूझवेल्ट पडणार आणि लँडन निवडून येणार. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं अठ्ठेचाळीसपैकीं सेहेचाळीस राज्यें जिंकलीं. जॉर्ज गॅलप या गृहस्थानें याच्या मानानें अगदीं थोड्या पण विचारपूर्वक निवडलेल्या मतदारांवरून खरा विजेता आधींच सांगितला होता. डायजेस्टचें चुकलें कोठें? त्याच्या याद्या मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या होत्या. मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्याकडे यांपैकीं कांहींच नव्हतें, त्यांना कोणी विचारलेंच नाहीं. आणि ज्यांना विचारलें, त्यांतही उत्तर धाडण्याची ज्यांना उत्सुकता होती तेच बोलले. भाताची परीक्षा शितावरून होते, हें आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. पण तें शीत नीट ढवळलेल्या भातांतलें हवें. वरवरचा सबंध थर काढून पाहिला, तरी तळचा भात कच्चा आहे कीं करपला आहे, हें कळत नाहीं.

मोजण्याच्या आणि विचारण्याच्या या मर्यादा पाहिल्या, म्हणजे तिसरा मार्ग मोहक वाटूं लागतो. माणसांत जाऊन राहावें, त्यांची भाषा बोलावी, त्यांच्या सुखदुःखांत भाग घ्यावा. मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं शिकलेले प्रा. म. ना. श्रीनिवास १९४८ सालीं म्हैसूरजवळील रामपुरा या गांवीं असेच जाऊन राहिले. जातींचें जें चौकटबंद चित्र ग्रंथांत दिसतें, त्याहून निराळी, सतत हालचाल करणारी जातिव्यवस्था त्यांना तेथें दिसली. १९७० सालीं अमेरिकेंत ते काम करीत असतां त्या ठिकाणीं आग लावण्यांत आली, आणि त्यांनीं तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. तेव्हां त्यांनीं बव्हंशीं स्मरणावर विसंबून त्या गांवाविषयीं ग्रंथ लिहिला, तो १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ कागदांवर असलेलें ज्ञान कागदांबरोबर जातें. अंगीं मुरलेलें मागें उरतें, असेंच यावरून म्हणावें लागेल.

परंतु या मार्गालाही आडकाठ्या आहेत. श्रीनिवास स्वतः ब्राह्मण होते, आणि गांवच्या पाटलाच्या जागेंत उतरले होते. त्यामुळें गांवांतील कोणतीं दारें आपणांस सताड उघडीं झालीं आणि कोणतीं अर्धवटच उघडलीं, याची त्यांना जाणीव होती, आणि ती त्यांनीं लपविली नाहीं. जो राहून पाहतो तो कोठल्या तरी घरीं राहतो, आणि त्या घराच्या खिडकींतूनच त्याला गांव दिसतें.

आपल्या इरावतीबाई कर्वे यांचें उदाहरण याहून जवळचें आहे. त्याही डॉ. घुर्यांच्याच शिष्या. जर्मनींत जाऊन त्यांनीं मानवी कवटीच्या मोजमापांवर प्रबंध लिहिला, आणि परत आल्यावर महाराष्ट्रांतील निरनिराळ्या जातींच्या लोकांचीं शरीरमापें घेतलीं. म्हणजे मोजण्याच्या शास्त्रांत त्या पारंगत होत्या. त्याच बाई पुढें पंढरीच्या वाटेला दिंडीबरोबर पायीं चालल्या, आणि 'वाटचाल' या लेखांत त्यांनीं तो अनुभव सांगितला. भक्तींत सर्व सारखे, असें जेथें अखंड गाइलें जातें, तेथेंही ब्राह्मणांची व मराठ्यांची पंगत निराळी बसते, हें त्यांनीं पाहिलें आणि त्यांना तें बोंचलें. दिंडींतल्या कोणा वारकऱ्याला प्रश्नावलि देऊन 'आपण जातिभेद मानतां काय?' असें विचारलें असतें, तर काय उत्तर आलें असतें? बहुधा अभंगाचेंच एखादें चरण. उत्तर खोटें नसतें. पण पंगत त्यांत दिसली नसती. पंगत पाहण्यास पायांनीं चालावें लागलें. ज्या अभ्यासकाला मोजपट्टीही येते आणि चालतांही येतें, तोच आज मोजपट्टी उचलावी कीं वहाणा, याचा निवाडा करूं शकतो.

हे तिन्ही मार्ग एकत्र आणल्याचें एक उत्तम उदाहरण ऑस्ट्रियांतील आहे. व्हिएन्नाजवळ मारियेन्टाल नांवाचें एक गांव होतें. सबंध गांव एका कापडाच्या गिरणीवर जगत असे. जागतिक मंदींत ती गिरणी बंद पडली, आणि ४७८ कुटुंबांच्या त्या वस्तींत जवळजवळ प्रत्येक घर बेकार झालें. १९३१ च्या अखेरीस मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण अभ्यासक आपल्या सहकाऱ्यांसह तेथें गेले. त्यांचा प्रश्न असा होता: दीर्घ बेकारीनें माणसाच्या मनाचें काय होतें? तो संतापून उठतो, कीं खचून बसतो?

हा प्रश्न नुसता विचारून सुटणारा नव्हता. म्हणून त्यांनीं नाना वाटा धरल्या. घरोघरच्या जेवणाच्या नोंदी घेतल्या. लोकांकडून दिवसभराच्या वेळेचा हिशेब लिहवून घेतला. पुरुषांना आपला दिवस कसा गेला हें सांगतां येईना. वाचनालयाच्या वह्या चाळल्या. वर्गणी माफ केली असूनही दोन वर्षांत पुस्तकें नेण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें होतें. मुलांना नाताळांत काय हवें तें लिहावयास सांगितलें. त्यांच्या इच्छाही लहान झाल्या होत्या. शेवटीं एक जण हातांत घड्याळ घेऊन, कोणाच्या नजरेस न येतां, रस्त्यानें जाणाऱ्यांची चाल मोजूं लागला. पुरुष सावकाश चालत, वारंवार थांबत. बायका त्यांच्याहून झपाट्यानें जात, कारण त्यांचें घरकाम सुटलें नव्हतें. ज्यांच्यापाशीं वेळच वेळ होता त्यांना त्या वेळेचें काय करावें हें कळेनासें झालें होतें. निष्कर्ष असा निघाला कीं, बेकारीनें त्या गांवांत बंड पेटलें नाहीं. तेथें मरगळ आली.

याहून मोलाची वाटते ती त्यांची एक शिस्त. केवळ पाहणारा किंवा टिपणें घेणारा म्हणून त्यांच्यापैकीं कोणीही गांवांत वावरावयाचें नाहीं. प्रत्येकानें गांवाच्या उपयोगाचें कांहीं तरी काम केलेंच पाहिजे, असा त्यांनीं दंडक घातला होता. त्यांनीं कपडे वांटले, डॉक्टरांकरवीं रोग्यांची तपासणी करविली, बायकांसाठीं बेतणी-शिवणीचा वर्ग चालविला. यामुळें माहितीही मोकळेपणानें मिळाली, हें खरें. पण माझ्या मतें त्यांत त्याहून मोठा अर्थ आहे. ज्याच्या दुःखावर आपलें ज्ञान उभें राहावयाचें, त्याचे आपण ऋणी असतों. हें ऋण मानणें ही पद्धतीच्या बाहेरची भूतदया नव्हे. तो पद्धतीचाच भाग आहे.

आतां तात्पर्य काढूं. पद्धति निवडतांना पहिला विचार प्रश्नाचा. 'किती' असें विचारावयाचें असेल तर मोजावें. 'काय वाटतें' असें असेल तर विचारावें. 'कसें चालतें' असें असेल तर जाऊन राहावें. जो अभ्यासक हातीं असलेल्या हत्याराला साजेल असा प्रश्न शोधीत फिरतो, तो रोगी पाहण्याआधीं पुडी बांधणाऱ्या वैद्यासारखा होय. दुसरा विचार शब्दांचा. दारिद्र्य, काम, कुटुंब हे शब्द मोजण्यापूर्वीं व्याख्येंत बांधले पाहिजेत, आणि ती व्याख्या वाचकाला उघड सांगितली पाहिजे. तिसरा विचार माणसांच्या निवडीचा: माझ्या यादींत कोण नाहीं? चौथा स्वतःचा: मी कोण, कोणाच्या घरीं उतरलों, आणि माझ्यासमोर कोण मोकळेपणानें बोलणार नाहीं? पांचवा वेळेचा व पैशाचा. कारण अर्धवट झालेल्या भव्य पाहणीपेक्षां पुरी झालेली लहान पाहणी बरी. आणि सहावा, पण मानानें पहिला, विचार उत्तर देणाऱ्याचा: या माझ्या प्रश्नानें त्याचें कांहीं अकल्याण तर होणार नाहीं ना?

हे सहाही विचार करून निवडलेली पद्धति सुद्धां सर्व सत्य दाखविते असें नाहीं. प्रत्येक दिवा आपल्या बुडाशीं अंधार ठेवतोच. प्रामाणिक संशोधक तो अंधार नाकारीत नाहीं. कोठें आहे तें दाखवितो, आणि मॅन यांच्याप्रमाणें दुसरा दिवा घेऊन तेथें जातो.

आपणांपैकीं बहुतेकांना समाजशास्त्राचे ग्रंथ लिहावयाचे नाहींत. पण सकाळीं वर्तमानपत्र उघडल्यावर 'शेंकडा इतके लोक असें मानतात' हें वाक्य आपल्या सर्वांच्या वांट्याला येतें. तें वाचतांना क्षणभर थांबून विचारावें: कोणाला विचारलें? कसें विचारलें? आणि शब्दाचा अर्थ काय धरला? एवढी संवय सुशिक्षित घरांनीं लावून घेतली, तरी आंकड्यांच्या नांवाखालीं खपणारें पुष्कळसें असत्य उंबरठ्याबाहेरच राहील.

आणि पुढच्या खेपेस शिरगणतीचे ते गृहस्थ दारांत आले, म्हणजे त्यांना पाणी द्यावें, बसावयास पाट द्यावा, आणि घाई न करतां सांगावें कीं, 'आमच्या जाऊबाई घरकाम तर करतातच. शिवाय कपडे शिवून मिळवितातही. तेंही लिहून घ्या.' समाजाचें खरें चित्र काढण्याचें काम एकट्या संशोधकाचें नाहीं. त्याची पहिली रेघ आपल्याच दारांत ओढली जाते.